पाठक वकिलांची उलटतपासणी

अकोल्याहून नागपूरच्या विमानतळाकडे निघालेली आमची गाडी बडनेऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर थांबली, तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. आमचं गाव भातकुली तालुक्यात, हमरस्त्यापासून बरंच आत. गाडी गावात आणू नका, उगाच वेळ जाईल, आम्हीच फाट्यावर येऊन उभे राहू, असं बाबांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. वेळेचं ते निमित्त होतं. गाडी गावात आली असती तर आजूबाजूचे सगळे गोळा झाले असते आणि पोरगा इंग्लंडला काय करायला चालला, याचं उत्तर बाबांना चारचौघांत द्यावं लागलं असतं. मी नर्स आहे हे सांगणं त्यांना तेव्हाही जड जायचं. ‘दवाखान्यात हाय’ एवढंच ते सांगत. ऐकणारा मला कंपाउंडर समजो की डॉक्टर, त्यांची ना नसायची.

आई आमच्या मुलीला, सईला, कडेवर घेऊन उभी होती. सई तेव्हा चार वर्षांची होती. ती आणि माझी बायको रेखा नागपूरपर्यंत सोडायला येणार होत्या आणि नंतर अकोल्यालाच राहणार होत्या. बाबा गाडीला एक हात टेकून उभे होते. मग म्हणाले, “तिकडं जाऊनबी पेशंटच पाह्यशीन ना? मंग इथचे काय वाईट होते?”

मी म्हणालो, “तिकडं शिकायला भेटते, बाबा.”

हे पूर्ण खरं नव्हतं. पगार होता, सईचं पुढचं शिक्षण होतं, आणि मुख्य म्हणजे मी थकलो होतो. पण त्या फाट्यावर तोंडातून शिकण्याचं कारण निघालं आणि पुढे तेच खरं ठरलं. बाबांनी मान हलवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “सावकाश जाजो.”

अमरावतीत नर्सिंगचा कोर्स केला तेव्हा आमच्या वर्गात आम्ही तीनच मुलं होतो, बाकी सगळ्या मुली. कोर्स संपल्यावर अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत लागलो आणि तिथे आठ वर्षं काढली. बाई असेल तर सिस्टर, पुरुष असेल तर ब्रदर. त्या आठ वर्षांत उमेश या नावाने मला फक्त आमच्या इन्चार्ज कुंदाताई हाक मारायच्या. दहा बेड, एका पाळीला आम्ही दोघं किंवा तिघं. म्हणजे एकाकडे निदान तीन-चार पेशंट. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस असताना आतला एसी धडधडत राहायचा आणि छताकडून एका बेडच्या बाजूला पाणी ठिबकायचं, त्याखाली आम्ही बादली ठेवायचो. कामात मी हुशार होतो. हे बढाई म्हणून सांगत नाही. कुठल्याही शिरेत सुई घालायची तर मला बोलवत.

इंग्लंडला जायच्या आदल्या वर्षी चार नंबरच्या बेडवर पाठक वकील आले. अकोल्यात जमिनीच्या दाव्यांसाठी त्यांचं नाव होतं. साठीच्या पुढचे, उंच, गोरे. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं, म्हणजे तोंडातून श्वासनळीत एक नळी घातली आणि श्वास यंत्राने सुरू ठेवला. असे बारा दिवस गेले. त्यांच्या पत्नी, पाठक काकू, बाहेरच्या गॅलरीत बाकावर बसून असायच्या आणि मी दिसलो की फक्त एवढंच विचारायच्या, “आहेत ना?” बाराव्या दिवशी नळी निघाली. पुढे आठवड्याभराने ते चाकाच्या खुर्चीत बसून घरी गेले. त्या वयात एवढा मोठा न्यूमोनिया होऊन माणूस घरी जातो, ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. कुंदाताईंनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी ते मला टिळक रोडवर दिसले. काठी टेकत, काकूंच्या आधाराने चालले होते. मी गाडी बाजूला लावली आणि हसत पुढे गेलो. “ओळखलं का साहेब? मी उमेश, आयसीयूतला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. काकूंचा हात सोडून ते तसेच भर रहदारीत रस्ता ओलांडायला लागले. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. काकू त्यांच्यामागे धावल्या, आणि जाता जाता मला हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली.

मला फार लागलं ते. घरी येऊन रेखाला सांगितलं, “बारा दिवस ज्याची शी-शू काढली, तो माणूस तोंड फिरवून गेला.” रेखा म्हणाली, “मोठ्या लोकांना आपले ते दिवस पाहिलेला माणूस नको असतो डोळ्यांसमोर.” मला ते पटलं. बाहेर जायचा अर्ज मी त्याच महिन्यात भरला. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध होता असं म्हणणार नाही. नव्हता असंही म्हणणार नाही.

इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका मध्यम शहरात मी आलो. तिथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते, ती दिली. एका केरळी मित्राबरोबर एक खोली घेऊन राहिलो. पहिले चार महिने माझ्या तोंडी दोनच वाक्यं होती, ‘सॉरी’ आणि ‘पुन्हा सांगाल का?’ तिथलं पाणी गोडं. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी असं की चहाला खारट चव यायची, म्हणून आई चहासाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायची. इथे पहिल्या दिवशी नळाच्या पाण्याचा चहा केला, तो छान झाला, पण मित्र पाळीवर गेला होता आणि प्यायला मी एकटाच होतो.

आयसीयूत एका पेशंटला एक नर्स. हे ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात माझ्या पेशंटची गुंगी उतरायला लागली आणि तो नळीकडे हात न्यायला लागला. मी आमच्या शिफ्टच्या प्रमुखांना, ग्रेस नावाच्या फिलिपिनो बाईंना, विचारलं, “हात बांधायच्या पट्ट्या कुठे ठेवता?” मी कापूस कुठे आहे विचारावं, तसंच विचारलं होतं. त्यांना आधी वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. मग कळल्यावर शांतपणे म्हणाल्या, “इथे बांधत नाहीत. खुर्ची घे आणि त्याच्याजवळ बस. हात धर. तो घाबरलाय.” मी चार तास बसलो. त्याचा हात धरला. त्याला मराठीत काहीबाही सांगत राहिलो, कारण इंग्रजीत धीर देता येण्याइतकी माझी भाषा तयार झाली नव्हती. त्याने नळी ओढली नाही.

घरी चालत येताना मी मनात भांडत होतो. चार तास एका माणसाचा हात धरून बसायला मिळालं असतं तर अकोल्यात मीही बसलो असतो! पण सोबत दुसराही विचार येत होता. मिळालं असतं तर खरंच बसलो असतो का? ते मला सुचलं असतं का?

दीड वर्षाने दवाखान्याने मला युनिव्हर्सिटीच्या कोर्सला घातलं. प्रौढ पेशंटच्या अतिदक्षतेतलं पदव्युत्तर शिक्षण, नोकरी सांभाळून करायचं. तोवर रेखा आणि सई इकडे आल्या होत्या. रेखा अकोल्यात शाळेत शिक्षिका होती, इथे ती एका दुकानात उभी राहायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. वर्गात आम्ही सतरा जण. नुसत्या नर्स नव्हत्या, फिजिओथेरपिस्ट होते, औषधतज्ज्ञ होते, दोन तरुण डॉक्टर होते. सगळे एकाच बाकावर बसून एकमेकांना नावाने हाक मारत भांडत. डॉक्टरला मी ‘हे चुकतंय’ असं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा माझे कान तापले होते.

रक्तदाब, व्हेंटिलेटर, मूत्रपिंड, हे विषय मला सोपे गेले. मला अडवलं ते एका दुपारच्या तासाने. विषय होता, आयसीयूत होणारा भ्रम. आमच्या बाई, स्वतः वीस वर्षं नर्स राहिलेल्या, सांगत होत्या. गुंगीची औषधं, ताप, झोपमोड, आवाज, नळ्या, या सगळ्यांत माणसाचं भान सुटतं. आजूबाजूला जे चाललंय त्याचे तुकडे त्याच्या कानावर, अंगावर येतात आणि त्यातून मन एक गोष्ट रचतं. ती बहुतेक वेळा भीतीची असते. कोणी डांबून ठेवलंय, कोणी मारायला आलंय. माणूस बरा होतो, घरी जातो, पण ती गोष्ट त्याच्यासोबत घरी जाते, घडलेल्या आठवणीसारखी पक्की. तो कुणाला सांगत नाही, कारण लोक वेडा म्हणतील. “त्या गोष्टीत,” बाई म्हणाल्या, “डांबून ठेवणारा माणूस बऱ्याचदा आपल्यापैकीच कुणीतरी असतो. जी नर्स सगळ्यात जास्त जवळ होती, ती.”

मी वही मिटली. टिळक रोडवरचा तो पांढराफटक चेहरा माझ्यासमोर आला. तो माणूस मला टाळत नव्हता. माझ्यापासून पळत होता.

त्या सत्राचा निबंध स्वतःच्या कामातल्या एका पेशंटवर लिहायचा होता. नाव-गाव काढून मी पाठक वकिलांवर लिहिला. औषधं कोणती, चूक कुठे झाली, काय करता आलं असतं, सगळं मुद्देसूद. मार्क चांगले पडले. शेवटच्या पानावर बाईंनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती : ‘त्या माणसाला काय आठवतं, हे तुम्हाला माहीत आहे का?’

मी कुंदाताईंना फोन लावला. अकोल्यात दुपार होती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “काहून बाप्पा, चार वर्षं झाले त्या गोष्टीले. आता काहाले उकरून राहिला?”

“ताई, त्यांना विचारा फक्त. नाही म्हणाले तर सोडून देतो.”

त्यांनी काकूंना विचारलं. आठ दिवसांनी निरोप आला. वकीलसाहेब फोनवर बोलणार नाहीत. पण समोर येत असेल तर बोलतील.

जानेवारीत रजा मिळाली. गावात तुरीची सोंगणी चालू होती. दोन दिवस आई-बाबांजवळ राहून मी अकोल्याला गेलो. जठारपेठेत पाठकांचं घर. काकूंनी दार उघडलं आणि आत न्यायच्या आधी व्हरांड्यात उभं राहून हळू आवाजात सांगितलं. आजारपणानंतर साहेब कोर्टात गेलेच नाहीत. वकालतनामा सहीला पुढे आला की उठून जायचे. चेकवर सही करत नाहीत, सगळं काकूंच्या नावावर करून टाकलंय. न्हाव्याने अंगावर कापड टाकलं की खुर्चीतून उठून येतात, म्हणून केस काकूच कापतात. “मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं. काही बोलतच नाहीत हो. आता तुमचं ऐकून पहिल्यांदा म्हणाले, येऊ दे त्याला.”

आत पाठक वकील टेबलामागे बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोर कोरा कागद, पेन. मला ‘बसा’ म्हणाले नाहीत. काकूंनी खुर्ची दिली.

“मी प्रश्न विचारतो,” ते म्हणाले. “तुम्ही उत्तरं द्यायची. जेवढं विचारलं तेवढंच.”

आवाज कापत होता, पण तो वकिलाचा आवाज होता. मी “हो” म्हणालो.

“मी किती दिवस होतो तिथे?”

“व्हेंटिलेटरवर बारा दिवस. नंतर सात.”

“ते जिन कोणाचं होतं?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कापसाचं जिन. त्यांच्या आठवणीत ते दवाखान्यात नव्हतेच. जिनिंग फॅक्टरीत होते. मी म्हणालो, “साहेब, जिन नव्हतं. एसी जुना होता, धडधड करायचा. दिवसभर.”

“गाठी मोजत होते. एक, दोन, तीन. आणि मग मला उचलून आपटत.”

“पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचो. वॉर्डबॉय धरून चौघं मिळून. एक, दोन, तीन म्हणून एकदम उचलायचं.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काकू दारातच उभ्या होत्या.

“तोंडात बोळा कोंबला होता.”

“नळी होती. श्वासाची. ती हलू नये म्हणून गालांवर पट्टी चिकटवली होती.”

“आणि सही?” इथे ते थांबले. पाणी प्यायले. “सही घ्या, सही घ्या, असं बोलत होते. सहीशिवाय पुढे करता येणार नाही. कोणाच्या तरी जमिनीच्या कागदावर माझी सही पाहिजे होती त्यांना. मी नाही म्हणत होतो. आवाजच निघत नव्हता.”

हे मला आठवलं. आठव्या-नवव्या दिवशी नळी काढून गळ्यातून वाट करावी का, अशी चर्चा झाली होती. त्यासाठी नातेवाइकांची संमती लागते. डॉक्टर, कुंदाताई, मी, तिघं त्यांच्या उशाशी उभं राहून बोललो होतो. सही घ्या, सहीशिवाय करता येणार नाही. त्यांना काही ऐकू येत असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, “हो हो, माझ्याजवळ फॉर्म आणला होता. मग गरज पडली नाही.”

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षांत हे दोघं या बारा दिवसांबद्दल एकमेकांशी बोलले नव्हते.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “निळ्या कपड्यातला एक माणूस होता. त्याने माझे हात बांधले. तो माणूस तुम्ही होता का? हो किंवा नाही.”

“हो.”

“म्हणजे तेवढं खरं घडलेलं आहे.”

“हो साहेब. बँडेजने पलंगाच्या दांड्याला बांधले होते. मीच.”

“मी नळी ओढत होतो?”

त्या क्षणी हो म्हणणं फार सोपं होतं. कोणी तपासायला जाणार नव्हतं. पेशंट नळी ओढतातच, म्हणून बांधतातच. माझ्या निबंधातही मी ‘नळी निघण्याचा धोका असल्याने’ असंच लिहिलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही तोवर हात उचललाही नव्हता. तुमची गुंगी कमी केली होती आणि मला सहा नंबरच्या पेशंटकडे जायचं होतं. मी परत येईपर्यंत काही होऊ नये म्हणून बांधले. मग चार-पाच दिवस ते तसेच राहिले. सोडून पाहावं, असं मला वाटलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, ओळखतात.”

“माफ करा,” मी म्हणालो.

पाठक वकिलांनी चष्मा काढून पुसला. “इतकी वर्षं साक्षीदार तपासले,” ते म्हणाले. “जो स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट न विचारता सांगतो, त्याचं बाकीचं खरं मानायचं असतं. तुम्ही ‘हो, ओढत होता’ म्हणाला असता ना, तर मी जिनाचंही खरं मानलं नसतं.” मग काकूंकडे वळून म्हणाले, “चहा नाही का दिला यांना अजून?”

चहा झाल्यावर ते म्हणाले, “मला ती जागा पाहायची आहे.”

कुंदाताईंना सांगून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. आयसीयूच्या दारात वकीलसाहेब बराच वेळ थांबले. मग पायांत ते निळे पिशवीसारखे बूटकव्हर चढवले आणि आत आले. त्यांनी वर एसीकडे पाहिलं, डोळे मिटून आवाज ऐकला. “हेच,” म्हणाले. चार नंबरच्या बेडवर बार्शीटाकळीकडची एक बाई होती. पन्नाशीची, व्हेंटिलेटरवर, डोळे अर्धे उघडे. दोन्ही मनगटं बँडेजने दांड्याला बांधलेली.

ते बघत राहिले. मला वाटलं, आता परत नेलं पाहिजे. पण त्यांनी कुंदाताईंना विचारलं, “यांचं कोणी आहे का बाहेर?”

“पोरगा हाय ना. चार दिवसांपासून गॅलरीतच बसून राह्यला.”

“तो बाहेर का?”

“साहेब, भेटाची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. इन्फेक्शन होते, गर्दी होते. नियम हाय.”

“तुमच्याकडे माणसं किती?”

“दहा बेडले तिघी.”

“म्हणजे आत हात कमी आहेत म्हणून या बाईंचे हात बांधले,” वकीलसाहेब म्हणाले, “आणि यांचे हात धरणारा बाहेर रिकामा बसवून ठेवला. काय युक्तिवाद आहे हा?”

मी इंग्लंडला जाऊन दोन वर्षं या विषयावर पुस्तकं वाचली होती. एका पेशंटला एक नर्स कुठून आणणार, या प्रश्नापाशी माझं डोकं थांबायचं आणि मी त्यावर समाधानी होतो. गॅलरीतली माणसं मी आठ वर्षं रोज ओलांडून गेलो होतो. ती मला अडचण वाटायची.

कुंदाताईंनी मुलाला आत बोलावलं. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन घातला. तो घाबरत स्टुलावर बसला. मी बँडेज सोडलं आणि आईचा हात त्याच्या हातात दिला. “काय बोलू?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “घरी काय चाललंय ते सांग.” तो सांगायला लागला, “माय, मी हाव. बकरी व्याली. दोन पिल्लं झाले.” ती बाई त्याच्याकडे वळली. आम्ही अर्धा तास तिथे होतो. तेवढ्या वेळात तिने नळीकडे हात नेला नाही. पुढे काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, म्हणून मुलाला समजावून ठेवलं, हात नळीकडे गेला तर कसा अडवायचा आणि कोणाला हाक मारायची.

दवाखान्याचा नियम असा एका दुपारीत बदलत नाही. मुख्य डॉक्टरांनी आधी साफ नकार दिला. मी रजा संपवून परतलो होतो, तेव्हा काकूंचा फोन आला. वकीलसाहेबांनी डॉक्टरांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहिला होता. दिवसा, प्रत्येक बेडला एक नातेवाईक, हात धुऊन, गाऊन घालून, अटी एक ते सात. स्वतः नेऊन दिला. काकूंना त्या अर्जात काय आहे यात रस नव्हता. त्या रडत होत्या. “खाली सही केली त्यांनी,” म्हणाल्या. “चार वर्षांनी.”

डॉक्टरांनी तीन बेडपुरती परवानगी दिली. आता ती सगळ्या बेडला आहे, दिवसा. बँडेज पूर्ण थांबलं नाही. कुंदाताई खोटं सांगत नाहीत, “एखांद्याले बांधाच लागते रे.” पण आता बांधलं तर का बांधलं आणि कधी सोडलं, ते लिहावं लागतं. वकीलसाहेब आठवड्यातून दोन दिवस कोर्टाच्या बार रूममध्ये जाऊन बसतात, ज्युनिअर पोरांना सल्ला देतात. दावा घेत नाहीत. केस अजून काकूच कापतात.

मागच्या वर्षी आम्ही इकडे घर घेतलं. रेखाला पुन्हा शाळेत काम मिळालं, मदतनीस शिक्षिका म्हणून. सई इंग्रजीत भांडते आणि मराठीत रडते. व्हिडिओ कॉलवर तिने आजीला सगळ्या खोल्या फिरून दाखवल्या. आईने सगळं पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि फोन माझ्या हातात आल्यावर म्हणाली, “मंग आता येत नाई म्हना तुमी.”

“येतो ना माय. दरसाल येतो.”

“येनं आन् राह्यनं येगयेगळं हाय, बाप्पा.”

ती रागावली नव्हती. मी काही समजुतीचं बोललो नाही, कारण तिचं बरोबर होतं. मी राहायला परत जाणार नाही. हे मी पहिल्यांदाच लिहून ठेवतो आहे. माझ्यासारखे जे निघून आले त्यांनाही हे ठाऊक असतं, फक्त फोनवर आपण ‘बघू’ म्हणतो.

पण मी अकोल्याला जायला लागलो, हेही खरं. पूर्वी इथे कोणी विचारलं, सुट्टीत घरी जाणार का, तर घर म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे गाव यायचं. अकोला यायचं नाही. तिथे दोन भाड्याच्या खोल्या होत्या आणि नोकरी होती. आता रजेचा एक आठवडा गावात जातो आणि एक अकोल्यात. कुंदाताई नव्या मुलींना दुपारी एकत्र बसवतात आणि मी शिकलेलं सांगतो. इंग्लंडमधली उत्तरं तिथे अर्धीच चालतात. एखादी मुलगी हात वर करून विचारते, सर, चार पेशंट आहेत, दोघांचे नातेवाईक आलेच नाहीत, मग? आणि मला तिच्यासमोर उभं राहून विचार करावा लागतो. इथल्या वॉर्डात माझ्या कामाची तारीफ होते, पण असं कोणी धारेवर धरत नाही. तिथे धरतात, आणि त्यांना तो हक्क आहे असं त्यांनाही वाटतं, मलाही. ज्या जागी माणसं हक्काने जाब विचारतात आणि मग चहा आणून देतात, तिला मी आता घर म्हणतो. गावाला तर म्हणतोच.

यंदाची रजा मंजूर झाली आहे. कुंदाताईंनी नव्या पाच जणींची नावं पाठवली आहेत. त्यांतली एक भातकुलीची आहे. तिच्या नावापुढे कुंदाताईंनी कंसात लिहिलंय : लय प्रश्न विचारते, तयारीनं येजो.